जॉन्सटाउन जेट्स : संघ नेमका कोणाचा असतो?

मंडळी, आजची पोस्ट लांबलचक आहे आणि विषयही आपल्याकडचा नाही. बर्फावरची हॉकी. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ टीव्हीवर पाच मिनिटं पाहिला असेल, ती काळी रबरी चकती नेमकी कुठे गेली ते कळलं नसेल आणि चॅनल बदललं असेल. माझंही तेच होतं. पण काही महिन्यांपूर्वी एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला, त्यातल्या संघामागे एक खरा संघ होता असं कळलं, आणि त्या संघाच्या मागे लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की ही गोष्ट हॉकीची कमी आणि गावाची जास्त आहे. कारखाना, पूर, संघ, आणि ‘हे सगळं नेमकं कोणाच्या मालकीचं’ हा प्रश्न. म्हणून लिहितोय.

गावाचं नाव जॉन्सटाउन. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गच्या पूर्वेला, डोंगरांच्या बेचक्यात वसलेलं. दोन छोट्या नद्या गावात एकत्र येतात आणि पुढे तिसऱ्या नावाने वाहतात. १८५२ साली इथे कॅम्ब्रिया आयर्न कंपनी सुरू झाली. अमेरिकाभर रेल्वे पसरत होती आणि तिला रूळ हवे होते. ते ज्या मोजक्या ठिकाणी प्रचंड प्रमाणात तयार व्हायचे, त्यातलं हे एक. युरोपातून मजुरांच्या लाटा आल्या. स्लोव्हाक, क्रोएशियन, पोलिश, हंगेरियन. प्रत्येकाचं चर्च वेगळं, गल्ली वेगळी, कारखान्याचा भोंगा तेवढा सगळ्यांचा एक. १९२३ मध्ये बेथलेहेम स्टील या बलाढ्य कंपनीने हे कारखाने घेतले. त्याच सुमारास गावाची लोकसंख्या ६७ हजारांच्या वर होती. हा आकडा लक्षात ठेवा.

या गावाचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे पूर. ३१ मे १८८९ रोजी गावापासून साधारण बावीस किलोमीटर वर असलेलं साउथ फोर्कचं मातीचं धरण फुटलं आणि २,२०९ माणसं मेली. आपल्याकडे पुण्यात पानशेतचं नाव काढलं की जुनी माणसं अजून गप्प होतात, तसं जॉन्सटाउनमध्ये १८८९ चं आहे. फरक एवढाच की साउथ फोर्कचं धरण सरकारी नव्हतं. पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबचं ते खासगी तळं होतं, मासे पकडायला आणि होड्या फिरवायला. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक त्या क्लबचे सभासद. बग्गी नीट जावी म्हणून धरणाचा माथा उतरवलेला, महागातले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या ठोकलेल्या, आणि तळाशी पाणी सोडायचे पाइप तर आधीच्या मालकाच्या काळातच काढून विकलेले. एवढं होऊनही क्लबला कोर्टात कोणी जबाबदार ठरवू शकलं नाही. कार्नेगीने नंतर गावाला वाचनालय बांधून दिलं. त्या इमारतीत आज पुराचं संग्रहालय आहे.

१९३६ साली पुन्हा मोठा पूर आला. मग केंद्र सरकारने नद्यांचे काठ काँक्रीटने बांधून काढले आणि गाव अभिमानाने स्वतःला ‘पूरमुक्त शहर’ म्हणवून घेऊ लागलं. हेही लक्षात ठेवा.

आता संघाकडे येतो.

१९५० साली गावात वॉर मेमोरियल नावाचं बंदिस्त क्रीडागृह उघडलं. युद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून बांधलेलं. सुमारे चार हजार खुर्च्या, आत यंत्राने गोठवलेलं बर्फाचं मैदान, आणि मालकी कॅम्ब्रिया काउंटीची, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याची. त्याच वर्षी जॉन्सटाउन जेट्स हा संघ ईस्टर्न हॉकी लीगमध्ये उतरला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अमेरिका-कॅनडातल्या हॉकीची सर्वांत वरची पायरी म्हणजे नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. १९६७ पर्यंत त्या लीगमध्ये फक्त सहा संघ होते. बोस्टन, शिकागो, डेट्रॉइट, माँट्रियल, न्यूयॉर्क आणि टोरांटो. सहा संघ म्हणजे अख्ख्या खंडात शे-सव्वाशे नोकऱ्या. कॅनडात तर घरोघरी पोरं हॉकी खेळतात. मग उरलेल्यांचं काय? ते खालच्या लीगमध्ये. त्याच्याही खालच्या लीगमध्ये. ईस्टर्न लीग ही अशी खालच्या पायरीवरची. पगार जेमतेम, प्रवास बसने, रात्रभर डोंगरातून बस हाकायची, दुसऱ्या दिवशी खेळायचं, पुन्हा बस. उन्हाळ्यात मिळेल ते काम. आज ज्याला एखादा मोठा संघ आनंदाने घेईल, असा खेळाडू तेव्हा आयुष्यभर या बसमध्ये बसून राहायचा.

म्हणूनच या लीगमधला खेळ वाईट होता असं समजू नका. रांगडा मात्र होता. हाणामारी हा खेळाचाच भाग. दिवसभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस संध्याकाळी तिकीट काढून आला की त्याला नाजूक कलाकुसर नको असायची.

जेट्सने त्याला निराश केलं नाही. १९५२ आणि १९५३, लागोपाठ दोन विजेतेपदं. मग १९६०, १९६१ आणि १९६२, लागोपाठ तीन. साठ-सत्तर हजारांच्या कारखानी गावाने मोठमोठ्या शहरांच्या संघांना धूळ चारायची, याची गावाला किती मजा येत असेल ते सांगायला नको. डिक रॉबर्ज नावाचा एक खेळाडू तर वर्षानुवर्षं याच संघाकडून खेळला. ढिगाने गोल केले. एनएचएलमध्ये कधी पोचला नाही. पुढे याच संघाचा कोच झाला. आपल्याकडे रणजीत वीस-वीस वर्षं धावा काढून भारताची टोपी न मिळालेली माणसं आहेत ना, त्यांची आठवण झाली मला.

आणि कारखाना? पन्नास-साठच्या दशकात तो जोरात दिसत होता, पण आतून वय झालेलं. यंत्रं जुनी. जपान आणि जर्मनीत युद्धानंतर नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या, इथे आजोबांच्या काळातल्या चालू होत्या. नवा पैसा टाकायचा झाला तर कंपनी तो दुसऱ्या राज्यातल्या नव्या कारखान्यात टाकत होती, कारण जॉन्सटाउन डोंगरात अडकलेलं, मोठ्या तळ्यांपासून लांब, खनिज आणायला महाग. वर हवा-पाणी प्रदूषणाचे नवे नियम आले आणि जुन्या भट्ट्या सुधारण्याचा खर्च कंपनीला नको होता. १९७३ मध्येच कंपनीने इथलं काम मोठ्या प्रमाणात कमी करायचं जाहीर केलं. जनगणनेत उतार दिसतच होता. १९५० साली ६३,२३२, १९७० साली ४२,४७६. वीस वर्षांत एक तृतीयांश गाव कमी.

त्याच १९७३ मध्ये ईस्टर्न लीगही फुटली. उत्तरेकडच्या संघांनी नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग काढली, जेट्स तिच्यात गेले. तोवर एनएचएलने संघ वाढवले होते, १९७२ पासून वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची प्रतिस्पर्धी लीगही सुरू झाली होती. वर जागा वाढल्या तसे चांगले खेळाडू वर सरकले, आणि खालच्या लीगमध्ये हाणामारी आणखी वाढली.

१९७४-७५ च्या मोसमात जेट्समध्ये तीन भाऊ आले. जॅक, जेफ आणि स्टीव्ह कार्लसन. तिघेही धिप्पाड, तिघांनाही जाड चष्मे, तिघेही मिनेसोटा राज्यातल्या व्हर्जिनिया नावाच्या गावचे. ते गाव लोखंडाच्या खाणींचं. तिथल्या पट्ट्यातलं खनिज मोठ्या तळ्यांवरून बोटींनी येऊन पूर्वेकडच्या पोलाद भट्ट्यांत जायचं. म्हणजे खाणीच्या गावची पोरं भट्टीच्या गावात खेळायला आली. त्यांच्यासोबत डेव्ह हॅन्सन नावाचा आणखी एक दांडगट गडी. मोसमाची सुरुवात बेताचीच होती, पण शेवटी रॉबर्जच्या या संघाने लॉकहार्ट चषक जिंकला. जेट्सचं ते शेवटचं विजेतेपद.

या संघात नेड डाउड नावाचा एक खेळाडू होता. एके रात्री त्याने आपल्या बहिणीला, नॅन्सीला, फोन केला. ती सिनेमाच्या पटकथा लिहिण्याच्या धडपडीत होती. नेड म्हणाला, संघ विकायला काढलाय म्हणतात. बहिणीने साधा प्रश्न विचारला, संघ कोणाचा आहे? नेडला उत्तर देता आलं नाही. ज्या संघासाठी तो रोज दात पाडून घ्यायला तयार होता, त्याचा मालक कोण हे त्याला माहीत नव्हतं.

माझ्या मते ही सगळी गोष्ट त्या एका फोनमध्ये आहे.

नॅन्सी डाउड जॉन्सटाउनला आली. तिथे राहिली, खेळाडूंच्या बायकांशी बोलली. भावाला टेपरेकॉर्डर दिला आणि त्याने ड्रेसिंगरूममधल्या, बसमधल्या गप्पा टेप करून आणल्या. त्यातून ‘स्लॅप शॉट’ ही पटकथा तयार झाली. जॉर्ज रॉय हिल दिग्दर्शक, पॉल न्यूमन नायक. चित्रीकरण १९७६ मध्ये जॉन्सटाउनमध्येच झालं. गावाचं नाव बदलून चार्ल्सटाउन केलं, संघाचं नाव चीफ्स. पण रस्ते तेच, वॉर मेमोरियल तेच, कारखान्याच्या चिमण्या त्याच. कार्लसन भावांपैकी जेफ आणि स्टीव्ह सिनेमात झळकले. जॅकला तेवढ्यात वरच्या लीगमधून बोलावणं आलं म्हणून त्याच्या जागी डेव्ह हॅन्सनला घेतलं, आणि पडद्यावर हे तिघे ‘हॅन्सन बंधू’ झाले. आजही अमेरिका-कॅनडात हॉकीवेड्या माणसापुढे जाड काळ्या चौकटीचा चष्मा घालून उभे राहा, तो हसेल.

सिनेमात शिव्या इतक्या आहेत की त्या एका बाईने लिहिल्या यावर तेव्हाच्या समीक्षकांचा विश्वास बसेना. त्याच नॅन्सी डाउडला पुढे ‘कमिंग होम’च्या कथेसाठी ऑस्कर मिळालं.

पण शिव्या आणि मारामाऱ्या बाजूला ठेवून कथा बघा. गावातला कारखाना बंद व्हायला निघालाय, हजारो कामगार घरी बसणार आहेत. संघाचा हा शेवटचा मोसम अशी कुजबुज आहे. म्हातारा होत चाललेला खेळाडू-कोच, म्हणजे न्यूमन, संघ वाचवायला काहीही करायला तयार आहे. खोट्या बातम्या पेरतो, पोरांना मारामारीला लावतो, गर्दी खेचतो. संघ जिंकायला लागतो. आता तरी विकला जाईल, टिकेल, या आशेने तो अखेर मालक शोधून काढतो. ती एक श्रीमंत विधवा निघते, मोठ्या घरात राहणारी. ती त्याला शांतपणे सांगते की संघ विकता येईल, पण हिशेबनीस म्हणतो की बंद करून तोटा दाखवला तर करात जास्त फायदा आहे.

म्हणजे संघ हरत होता म्हणून बुडत नव्हता. जिंकला तरी बुडणारच होता. मैदानावरचा हिशेब वेगळा आणि कागदावरचा वेगळा. पहिल्यात गावाचं काहीतरी चालत होतं. दुसऱ्यात गावाला कोणी विचारलंच नव्हतं.

आता ‘गावाला विचारलंच नव्हतं’ हे वाक्य कारखान्याला लावून बघा. बेथलेहेम स्टीलचं मुख्यालय राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या बैठकीत जॉन्सटाउन हा ताळेबंदातला एक रकाना. १८८९ च्या धरणालाही लावून बघा. तळं वर, गाव खाली, आणि निर्णय पिट्सबर्गमध्ये. प्रत्येक वेळी वस्तू गावाच्या डोक्यावर किंवा गावाच्या पोटात, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात.

सिनेमा फेब्रुवारी १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. पडद्यावरचा संघ बुडताना लोक हसत होते तेव्हा खरा संघ आपला शेवटचा मोसम खेळत होता. त्याच वर्षी नॉर्थ अमेरिकन लीग गुंडाळली गेली. आणि जुलैत पाऊस आला.

१९ जुलैच्या संध्याकाळी सुरू झालेलं वादळ २० च्या पहाटेपर्यंत डोंगरांवर ठाण मांडून बसलं. काही ठिकाणी एका रात्रीत जवळपास बारा इंच पाऊस. आजूबाजूची अनेक छोटी धरणं फुटली. त्यातलं लॉरेल रनचं धरण फुटून खालच्या टॅनरीव्हिल वस्तीत चाळीसच्या आसपास माणसं गेली. एकूण मृत्यू ऐंशीच्या वर. नद्यांचे काँक्रीटचे काठ होते तिथेच होते, पाणी त्यांच्यावरून गेलं. ‘पूरमुक्त शहर’ हे बिरुद त्या रात्री संपलं. गावाचा मधला भाग, दुकानं, कारखान्याचे विभाग, वॉर मेमोरियल, सगळ्यांना तडाखा बसला.

जेट्स पुन्हा बर्फावर उतरले नाहीत. सत्तावीस वर्षांचा संघ, सहा विजेतेपदं. लीग उरली नव्हती, मैदानाची दुरवस्था, आणि गावाकडे तेव्हा हॉकीचा विचार करायला वेळ नव्हता. बेथलेहेमने पुरानंतर काही आठवड्यांतच हजारो कामगारांना कमी केलं. पुढच्या काही वर्षांत बेकारी इतकी वाढली की १९८३ च्या सुमारास जॉन्सटाउनचं नाव देशातल्या सर्वाधिक बेकारीच्या शहरांत वरच्या ओळीत घेतलं जायचं. जवळपास चारातला एक माणूस बिनकामाचा. १९९२ मध्ये बेथलेहेमने इथलं उरलंसुरलं कामही थांबवलं. २००१ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि २००३ पर्यंत तिचं अस्तित्व संपलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, आणि मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात.

पूर ओसरल्यावर वॉर मेमोरियल दुरुस्त झालं. ते कुठल्या विधवेचं किंवा कंपनीचं नव्हतं, जिल्ह्याचं होतं. ते बंद करून कुणाला करात सूट मिळणार नव्हती. लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत विंग्ज, मग रेड विंग्ज नावाने संघ आले आणि गेले. टिकले नाहीत. मग जानेवारी १९८८ मध्ये नवा संघ आला आणि त्याने नाव घेतलं चीफ्स. हो, सिनेमातल्या संघाचं. खऱ्या संघावरून खोटा संघ बनला होता, आता खोट्या संघावरून खरा बनला. आणि लवकरच त्याचा कोच कोण झाला? स्टीव्ह कार्लसन, त्या तीन भावांपैकी एक. त्याच वर्षीच्या शेवटी पाच संघांनी मिळून ईस्ट कोस्ट हॉकी लीग सुरू केली, त्यात जॉन्सटाउन होतं. पहिल्याच मोसमात संघ अंतिम फेरीत पोचला आणि सातव्या सामन्यात हरला.

चीफ्स बावीस वर्षं टिकले. लीग वाढत गेली, दक्षिणेकडच्या मोठ्या, नव्या, वातानुकूलित शहरांत पसरत गेली. स्थापनेच्या पाच संघांतले बाकीचे एकेक करून गाव तरी बदलत गेले, नाव तरी बदलत गेले. सगळ्यात छोटं आणि सगळ्यात गरीब गावच सगळ्यात जास्त काळ आपल्या जागी, आपल्या नावाने उभं राहिलं. पण २००० नंतर तिकीटविक्री रोडावत गेली. वीस हजारांच्या गावाने चार हजार खुर्च्या आठवड्यातून दोनदा भरायच्या कशा? २०१० मध्ये मालकांनी संघ साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला हलवला. तिथे त्याचं नावही बदललं.

इथे मालकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तोट्यात धंदा किती वर्षं चालवायचा? खासगी मालक हेच करणार. प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाही, रचनेचा आहे. अमेरिकेत फ्रँचायझी ही गावाची नसते, मालकाची असते. गाव बदलता येतं, नाव बदलता येतं, रंग बदलता येतो. याला एक प्रसिद्ध अपवाद आहे, फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स. विस्कॉन्सिनमधल्या लाखभर वस्तीच्या गावाचा हा संघ १९२३ पासून सामान्य लोकांच्या शेअर्सवर चालतो. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही आणि कोणा एकाला संघ उचलून नेता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत लीगमध्ये सगळ्यात छोट्या गावाचा संघ आजही आहे. बाकीच्या मालकांना ही कल्पना इतकी गैरसोयीची वाटते की त्या लीगच्या नियमांत आता अशी नवी मालकी बसतच नाही.

आपल्याकडेही फार लांब जायला नको. पुण्याच्या नावाने आयपीएलमध्ये वॉरियर्स आले, तीन मोसम खेळून २०१३ मध्ये गेले. मग सुपरजायंट आला, करारच दोन वर्षांचा होता, संपला. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. प्रत्येक वेळी टी-शर्ट घेतलेली पोरं होती, ढोल घेऊन जाणारी टोळकी होती. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि कराराप्रमाणे विचारायची गरजही नव्हती. जॉन्सटाउनला निदान जेट्स आणि चीफ्सच्या वेळी वीसहून जास्त वर्षं मिळाली.

तर चीफ्स गेल्यावर काय झालं? दोन वर्षं गेली. २०१२ मध्ये अलास्कातला एक ज्युनियर संघ हलून जॉन्सटाउनला आला, टॉमहॉक्स नावाने. हे पगारी खेळाडू नाहीत, कॉलेजात जाऊ पाहणारी विशीच्या आतबाहेरची मुलं आहेत. खर्च कमी, तिकीट स्वस्त. आणि २०१५ मध्ये देशभरातल्या गावांची एक स्पर्धा झाली, लोकांच्या मतांवर ‘हॉकीचं गाव’ निवडण्याची. अमेरिकेत ती पहिल्यांदाच होत होती. जॉन्सटाउन जिंकलं. बक्षीस म्हणून मैदानाच्या दुरुस्तीला दीड लाख डॉलर मिळाले आणि एनएचएलचा सरावसामना. २९ सप्टेंबर २०१५ रोजी पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि टँपा बे लाइटनिंग हे बडे संघ पासष्ट वर्षं जुन्या वॉर मेमोरियलमध्ये उतरले. रॉबर्जला ज्या लीगमध्ये कधी खेळता आलं नाही, ती लीग त्याच्या मैदानावर आली.

यात फार गोड मानून घेण्यासारखं नाही, हेही सांगतो. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १८,४११ आहे. सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेला ६७ हजारांचा आकडा आठवा. हॉकीने एकही नोकरी परत आणली नाही, एकही घर रिकामं व्हायचं थांबवलं नाही. खेळामुळे गाव वाचतं असं म्हणणारे पुढारी जगभर असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. गावाला लागतात कारखाने, शाळा, दवाखाने, सुरक्षित धरणं.

पण उलट बाजूनेही विचार करा. १८५२ पासून आजपर्यंत या गावात जे जे आलं त्यातलं काय शिल्लक आहे? कंपनी नाही. जेट्स नाहीत, चीफ्स नाहीत. ज्या लीगमध्ये जेट्स खेळले त्यातली एकही नाही. शिल्लक आहे ती लोकांच्या मालकीची चार हजार खुर्च्यांची इमारत. ती होती म्हणूनच प्रत्येक वेळी पुन्हा सुरुवात करता आली. संघ बदलले, दर्जा खाली-वर झाला, पण हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी जायला जागा राहिली. जिल्ह्याने १९५० मध्ये ती जागा एखाद्या मालकाला बांधायला दिली असती, तर १९७७ च्या चिखलानंतर तिथे आज बहुधा पार्किंग असतं.

म्हणून आपल्या गावात, आपल्या शहरात जेव्हा कधी मैदानाचा, क्रीडासंकुलाचा किंवा एखाद्या झगमगीत संघाचा विषय निघेल, तेव्हा उद्घाटनाला कोण नट येणार हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. जागा कोणाच्या नावावर आहे? भाडेकरार किती वर्षांचा आणि कोणत्या अटींवर? आणि उद्या संघ गेला तर आपल्या पोरांना ते मैदान किती रुपयांत खेळायला मिळणार? ही माहिती मागायचा अधिकार आपल्याला कायद्याने आहे, अर्जाला फार खर्चही येत नाही. महापालिकेच्या सभेत हे प्रश्न नगरसेवकाने विचारायचे असतात. तो विचारत नसेल तर त्याला आठवण करून द्यायचं काम आपलं.

नेड डाउडला त्याच्या बहिणीने जो प्रश्न फोनवर विचारला, तो आधीच कोणीतरी विचारायला हवा होता.

तुमच्या गावात, तालुक्यात असा एखादा संघ होता का? गिरणीचा, साखर कारखान्याचा, तालमीचा, एसटीचा, कबड्डीचा, खो-खोचा? कधी बंद पडला, आणि त्याचं मैदान आज कोणाकडे आहे? माहिती असेल तर खाली लिहा. जुने फोटो असतील तर तेही टाका. चांगलं काही जमलं तर त्यावर स्वतंत्र पोस्ट करू.